शौकतभाईंची मुक्कामाची वही

शौकत मुकादमांना गुरुनाथ परुळेकर कितपत ओळखत होते, असं कोणी विचारलं असतं तर गुरुनाथांनी खाली बघितलं असतं. अकरा वर्षांत चार भेटी. फोन पुष्कळ झाले, पण ते कामाचे. शौकतभाईंना मुलं किती, जेद्दात ते राहायचे ते घर कसं होतं, डावा पाय ओढत चालायचे तो कशाने अधू झाला, यातलं त्यांना धड काही ठाऊक नव्हतं. जवानीत कुठल्याशा बांधकामावरून पडले, एवढं कानावर आलेलं. कशावरून पडले ते विचारायचं राहून गेलं. गुरुनाथ विचारणाऱ्यांपैकी नव्हतेच. सौदीतल्या यान्बूला कंपनीच्या कॅम्पात सव्वीस वर्षं काढून शेजारच्या खोलीतल्या माणसाचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं.

शौकतभाई गेल्याचं त्यांना मेसमध्ये जेवताना कळलं, तेही समोरच्या माणसाच्या मोबाइलवरून. मग त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाबद्दल आपल्याला खात्रीने सांगता येईल असे तीन दिवसच आहेत, आणि त्यातलेही दोन फोनवरचे. इथे तेवढेच सांगायचे आहेत.

शौकतभाई मूळचे म्हसळ्याकडचे. जेद्दात अल अझीझियामध्ये, एका शिंप्याच्या आणि एका मोबाइलवाल्याच्या मधे तिकिटांचं छोटं ऑफिस होतं, तिथे ते तीस वर्षं काउंटरमागे बसले. मालक दुसराच. यान्बूच्या कारखान्यांतले इंजिनियर, रियाधच्या इस्पितळांतले डॉक्टर परदेशात सेमिनारला निघाले की त्यांची फाइल शौकतभाईंकडे यायची. त्यातही नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क असेल तर हटकून त्यांच्याकडेच, कारण त्यांच्यापाशी ती वही होती.

हिरव्या पुठ्ठ्याची लांब वही. वर मराठीत लिहिलेलं, 'मुक्काम'. शौकतभाई स्वतः कधी त्या मुलखात गेले नव्हते. आखात आणि म्हसळा, एवढंच त्यांचं जग. पण जाऊन आलेल्या प्रत्येक माणसाला ते परत बोलावून घ्यायचे, चहा सांगायचे, आणि वही उघडून विचारायला लागायचे. खोली किती वाजता ताब्यात देतात? तोवर सामान ठेवून घेतात का? चादर-टॉवेल खोलीच्या भाड्यात धरलेले, की वेगळे? बसचा थांबा रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे? असं करत करत वही भरली. कोणी नवा निघाला की वहीतली त्याच्या गावाची पानं काढून, स्वच्छ अक्षरात उतरवून, फोटो काढून पाठवायचे.

गुरुनाथांनाही तशी चार पानं आली होती. कारखान्याला थंड ठेवायला समुद्राचं पाणी पाइपांतून फिरवतात. ते पाणी पाइप आतून कसं खातं, हे तपासणं गुरुनाथांचं काम. वेल्डिंगच्या जोडामागे गंज कुठून सुरू होतो, याचे त्यांनी वीस वर्षं फोटो काढून ठेवले होते. नव्या साहेबाने ते पाहिले, हट्टाने एक निबंध लिहून घेतला आणि परस्पर पाठवून दिला. नॉर्वेत बर्गनपासून दोन तासांवर, फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठच्या एका गावात तीन दिवसांचं सेमिनार होतं. निबंध तिथे पसंत पडला. बासष्टाव्या वर्षी गुरुनाथांना पहिल्यांदाच चार लोकांपुढे उभं राहायचं होतं, आणि त्यांची झोप उडाली होती.

शौकतभाईंच्या पानांनी मात्र त्यांना धीर दिला. 'नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेऊ नका.' 'नोटा नेऊ नका, बसवालासुद्धा कार्ड मागतो.' 'बसमध्ये बाक रिकामे असताना कोणाच्या शेजारी बसू नका. त्या माणसाला वाटतं, काहीतरी अघटित घडलंय.' 'बसला हात दाखवा. नुसतं उभं राहिलं तर ती निघून जाते.' 'मे महिन्यात रात्री दहालाही उजेड असतो. झोप पडद्यावर अवलंबून.'

शेवटच्या पानावर, खाली रेघ मारून लिहिलं होतं: 'एक्झिट-रीएन्ट्रीचा कागद मला पाठवा.'

सौदीतून बाहेर पडून परत यायचं तर हा परवाना लागतो. अमुक तारखेपर्यंत परत, असं त्यावर असतं. कंपनीच्या ऑफिसातल्या हाशिरने गुरुनाथांना तो आणून दिला आणि जाता जाता सांगितलं, "गुरुनाथजी, पच्चीस शव्वाल तक वापस. उसके बाद खलास." कागद अरबीत, तारीख हिजरी. आता हा आणखी एक कागद शौकतभाईंना पाठवून त्यांना कशाला त्रास द्यायचा, असं गुरुनाथांच्या मनात आलं. त्यांच्या खोलीत भिंतीवर गावाहून आणलेलं मराठी कॅलेंडर होतं. संकष्टी, एकादशी, आणि चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मुसलमानी तारीखही. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. पंचवीस शव्वाल म्हणजे सत्तावीस मे, शुक्रवार. गुरुवारी दुपारी निघायचं, शुक्रवारी पहाटे जेद्दा. त्यांनी शौकतभाईंना फोन करून तेवढंच सांगितलं, "सत्तावीसला सकाळपर्यंत पोचलो की चालतंय."

"कागद बघितलाव ना नीट?"

"बघितला."

खोटं नव्हतंच ते. बघितला तर होताच.

रविवारी संध्याकाळी गुरुनाथ त्या गावात पोचले. खोली लाकडी होती, खिडकीतून पाणी दिसायचं, आणि चादर-टॉवेल खरंच वेगळे होते, पण त्यांनी ते कॅम्पातूनच आणले होते. सोमवार त्यांनी सभागृहात मागच्या रांगेत काढला. निबंध बुधवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी अडीचला.

मंगळवारी संध्याकाळी शौकतभाईंचा फोन आला. गेलेल्या प्रत्येकाला ते एकदा तिथेच गाठायचे. माणूस परतला की बारीकसारीक विसरतो, असं त्यांचं म्हणणं.

"काय ओ गुरुनाथभाई, झोपताव की नाय?"

"झोपतो की."

"पडदा कसला हाय? जाड?"

"पडदा जाड आहे, पण बाजूने उजेड येतो."

"बाजूने येतो," शौकतभाई लिहिता लिहिता पुटपुटले. "टॉवेल बांधायचा मग. आणि जेवण?"

"जेवण थंड. मासा थंड, बटाटा थंड. तुम्ही लिहिलंय तसंच. पण दोनच दिवस राहिले आता. पंचवीस शव्वालच्या सकाळी तुमच्या जेद्दात गरम चहा."

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं.

"पंचवीस शव्वाल? तुम्ही तर सत्तावीस मे म्हणालाव."

"तेच ना. शुक्रवार."

"गुरुनाथभाई, इथे आज तेवीस हाय. पंचवीस परवा. गुरुवारी."

"नाही हो. आज बावीस. मी कॅलेंडरवर बघितलंय."

"कुठल्या कॅलेंडरवर?"

"खोलीतल्या. घरचं आहे."

"घरचं!" शौकतभाईंचा आवाज चढला. "अहो, घरी ईद कधी झाली? इथे सोमवारी नमाज पढलो आम्ही, तोच एक शव्वाल. म्हसळ्याला मंगळवारी. तिकडचा चांद एक दिवस मागे असतो. सव्वीस वर्षं काढलीत इथे, ईदची सुट्टी खाल्लीत दरसाल, आणि तारीख बघायला घरचं कॅलेंडर?"

गुरुनाथ खाटेवर बसले. कॅम्पात ईदची बिर्याणी सोमवारी झाली होती आणि गावाकडच्या मुसलमान शेजाऱ्यांचे ईदचे फोटो मंगळवारी आले होते. दोन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या. त्या शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

म्हणजे शुक्रवारी पहाटे ते जेद्दाच्या काउंटरवर उभे राहणार, तेव्हा परवाना संपून काही तास झालेले असणार. मुदत संपली की दार बंद, आणि ते किती वर्षांनी उघडेल याचा भरवसा नाही. कॅम्प, नोकरी हे जाऊदे. रियाधला त्यांची लेक किशोरी होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि तीन आठवड्यांवर बाळंतपण आलं होतं. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केलेली. वीणा, तिची आई, दोन महिन्यांपासून तिच्यापाशी होती. यान्बूहून निघण्याआधी किशोरी फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही मात्र वेळेवर या हं. मला भीती वाटते." गुरुनाथ म्हणाले होते, "येतो की. कुठे जातोय मी!"

"शौकतभाई," ते म्हणाले, "आता काय करू?"

"कंपनीत हाशिरला फोन करा. मुदत बाहेरूनही वाढवता येते. मी तोवर सीट बघतो. आणि गुरुनाथभाई, खोलीतच बसा. भटकू नका कुठे."

हाशिरने फोन उचलला. मुदत वाढवणं त्याच्या हातात नव्हतं. ते काम कंपनीच्या मंदूबचं, म्हणजे सरकारी कागद करणाऱ्या माणसाचं, आणि मंदूब रविवारपर्यंत रजेवर, फोन बंद. "सॉरी गुरुनाथजी," हाशिर दोनदा म्हणाला.

बाहेर लख्ख उजेड होता. गुरुनाथांनी पडदा ओढला, पुन्हा उघडला. लेकीचा नंबर काढला आणि फोन उपडा ठेवला.

तासाभराने शौकतभाई बोलले ते घाईघाईत. "ऐका. गुरुवारी तिकडे सणाची सुट्टी हाय, म्हणून उद्या सगळी जनता निघालीय. एक सीट मिळाली. उद्या बुधवार, संध्याकाळी सहा वीस, बर्गनहून. मधे एक मुक्काम, विमानतळावरच. गुरुवारी दुपारी दोनला जेद्दा. ही चुकली तर दुसरी नाय."

"घ्या ती."

"घेतली. आता तुमच्या गावातून बर्गनची बस दुपारी एक दहाला. त्यानंतरची पाचला, ती उपयोगाची नाय."

"निबंध अडीचला आहे," गुरुनाथ म्हणाले. मग हळूच म्हणाले, "वाचत नाही मग. जाऊदे." आणि म्हणताना, खरं सांगायचं तर, छातीवरचा एक दगड उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

"वाचत नाय? मग गेलाव कशाला एवढ्या लांब, पडदे बघायला?"

"पण आता कसं जमणार?"

"सकाळची वेळ मागा."

"तसं कसं मागायचं? सगळं छापलंय त्यांनी. कार्यक्रमपत्रिका आहे."

शौकतभाईंनी वहीची पानं उलटली, तो आवाज फोनवर आला. "हे बघा, रियाधच्या डॉक्टरीणबाईंनी लिहवलेलं. 'इथल्या लोकांना आदल्या दिवशी सांगितलं तर सगळं होतं. ऐन वेळी काही होत नाही. कारण सांगत बसू नये.' कळलं? लेकीचं बाळंतपण, चांद, कॅलेंडर, यातलं काय पण सांगायचं नाय. एकची बस आहे, सकाळी वाचू का, एवढंच. आत्ता जा. मी फोन ठेवतो, नायतर तुम्ही माझ्याशीच बोलत बसाल."

सेमिनारच्या अध्यक्षबाई खाली जेवणघरात होत्या, पाच-सहा जणांबरोबर. गुरुनाथ दाराशी उभे राहिले. एकदा माघारी जिन्यापर्यंत गेले. पुन्हा आले. आपण टेबलापर्यंत कसे पोचलो ते त्यांना नंतर आठवेना. तोंडून दोन वाक्यं निघाली, तीसुद्धा चुकतमाकत. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही की कपाळाला आठी घातली नाही. "नऊ वीस चालेल?" त्यांनी विचारलं, आणि पेन्सिलीने कागदावर बाण काढला. माफी मागायला म्हणून गुरुनाथांनी जिन्यात जुळवलेली सगळी वाक्यं तशीच राहिली.

बुधवारी सकाळी त्यांनी निबंध वाचला. सुरुवातीला कागदावरून डोकं वर न काढता. मग भिंतीवर जोडामागच्या गंजाचा पहिला फोटो आला, आणि आपल्या ओळखीचं कोणी भेटावं तसे ते बोलायला लागले. प्रश्न दोनच आले. दोन्हींची उत्तरं त्यांना माहीत होती.

एक वाजता ते सामान घेऊन थांब्यावर होते. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, वहीत होतं तसं. बस वळणावर दिसताच त्यांनी हात दाखवला, चांगला उंच. बस जवळ आली, हळू झाली. ड्रायव्हरने तळहात वर करून डोकं हलवलं, आणि ती तशीच पुढे गेली. आत माणसं उभी होती, मांडीवर पोरं, पायांत पिशव्या. सुट्टीला निघालेली जनता.

गुरुनाथांचा हात थोडा वेळ वरच राहिला.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. "चढलाव?"

"भरलेली होती. थांबली नाही."

शौकतभाई शिवी दिल्यासारखं काहीतरी पुटपुटले, मग म्हणाले, "थांबा. ठेवू नका." पानं सळसळली. बराच वेळ नुसती सळसळ. गुरुनाथांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्या रस्त्यावर दुसरा आवाजच नव्हता.

"हां. नागेश इंजिनियर, चार वर्षांमागे. त्याने लिहवलंय, 'बस चुकली तर जलद बोट, दुपारी दोन वीस. बोटीतच तिकीट, कार्डावर. धक्के दोन. मोठा धक्का मालाचा, तिथे उभा राहून माझी एक बोट गेली. लाल गोदामामागचा लहान धक्का.' लाल गोदाम दिसतंय का तुम्हाला?"

"नाही. इथून पाणीच दिसत नाही."

"मग उताराने चाला. पाणी खालीच असणार. चालताना फोन चालू ठेवा."

गुरुनाथ चालू लागले. पेटीची चाकं खडीवर अडखळत होती. एका वळणावर दोन वाटा फुटल्या, तेव्हा ते थांबले. शौकतभाई जेद्दातल्या काउंटरमागून म्हणाले, "समुद्राचा वास कुठून येतो? वेंगुर्ल्याचे ना तुम्ही?" वास डावीकडून येत होता. डावीकडे घरं संपली आणि लाल रंगाची लाकडी वखार दिसली.

"दिसली."

"मागे जा. पुढे उभे राहू नका. मागे."

मागे खरंच एक लहान धक्का होता, आणि धक्क्यावर एक म्हातारी कुत्र्याला घेऊन उभी होती. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. बोट वेळेवर आली.

पुढे अवघड असं काही नव्हतं, तरी गुरुनाथांनी ते सगळे तास मूठ आवळूनच काढले. बर्गनच्या धक्क्यावरून ट्राम, ट्राममधून विमानतळ, मग एका परक्या विमानतळाच्या खुर्च्यांवर रात्र. गुरुवारी दुपारी जेद्दात पासपोर्टच्या रांगेत ते उभे राहिले, तेव्हा समोरच्या पडद्यावर तारीख होती. पंचवीस शव्वाल. काउंटरवरच्या तरुणाने पासपोर्ट घेतला, बोटांचे ठसे घेतले, पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेजारच्याला काहीतरी विचारलं. गुरुनाथांनी काउंटरची कड धरली. शेजारचा हसला, दोघेही जेवणाबद्दल बोलत असावेत. शिक्का पडला.

"यल्ला, बाबा," तरुण म्हणाला आणि हाताने पुढे जायची खूण केली.

बाहेर कठड्याशी शौकतभाई उभे होते. एक पाय जरा दुमडलेला, काखेत हिरवी वही, हातात थर्मास. येणार म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. ऑफिसची वेळ होती.

"आलाव," ते म्हणाले.

"आलो."

गुरुनाथांनी दोन विमानतळांवर बसून पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. ते तसंच ठेवून त्यांनी किशोरीला फोन लावला, "पोचलो गं," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. शौकतभाईंनी तेवढ्या वेळात थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

यान्बूच्या बसला पाऊण तास होता. दोघं बाकावर बसले. शौकतभाईंनी वही उघडली. लहान धक्क्याखाली दोन रेघा मारल्या. 'सुट्टीच्या आदल्या दिवशी बसचा भरवसा नाही,' असं लिहिलं. मग पहिलं पान काढून, अगदी वर, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तारीख घरच्या कॅलेंडरवर बघू नये.' गुरुनाथांनी ते वाचलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाव नाय घातलं तुमचं," शौकतभाई म्हणाले.

किशोरीला मुलगी झाली, तेव्हा गुरुनाथ रियाधच्या इस्पितळात दाराबाहेर होते. शौकतभाईंना कळवावं असं फार वाटलं. पण नुसतं तेवढ्यासाठी फोन करायचा, आणि मग काय बोलायचं? पेढ्याचा फोटो पाठवला. पलीकडून एक फुलांचं चित्र आलं. पुढे अकरा महिने तसेच गेले. काम निघालं नाही, फोन झाला नाही, आणि मग मेसमध्ये ती बातमी आली.

त्यामुळे दोघांचं शेवटचं बोलणं म्हणायचं तर ते त्या बाकावरचं. बस लागली होती, गुरुनाथ पेटी उचलत होते, आणि शौकतभाई वहीत बोट घालून घाईने विचारत होते.

"नाश्ता किती वाजेपर्यंत देतात तिथे?"

"साडेनऊ."

"माझ्याकडे दहा लिहिलंय. बरं झालं विचारलं. रविवारीपण साडेनऊ?"

"रविवारचं नाही माहीत. मी रविवारी संध्याकाळी पोचलो."

"हां," शौकतभाई म्हणाले. "मग रविवारचं विचारतो कोणाला तरी."